जाणता दुकानदार आणि जाणतें दुकान

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी पुण्यास शिकत असतां, अप्पा बळवंत चौकांतील एका पुस्तकांच्या दुकानांत जाणें हा माझा दर शनिवारचा नेम होता. दोन माणसें आंत उभीं राहिलीं तर तिसऱ्यानें पायरीवर थांबावें, एवढेंच तें दुकान. गल्ल्यावर बसणारे गृहस्थ फारसे शिकलेले नसावेत. परंतु गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आंत येतांच त्याच्यापुढें कोणतें पुस्तक ठेवावें, हें त्यांना बिनचूक कळे. गेल्या खेपेस मीं कोणतें पुस्तक चाळून परत ठेवलें, महिनाअखेरीस माझ्या खिशांत किती पैसे उरतात, कोणत्या प्राध्यापकांनीं वर्गांत कोणत्या ग्रंथाची शिफारस केली, यांपैकीं एकहि गोष्ट त्यांच्या रोजकीर्दींत किंवा खतावणींत नोंदलेली नव्हती. ती सारी त्यांच्या डोक्यांत होती. पुढें ते वारले. दुकान राहिलें, चोपड्या राहिल्या. ती न लिहिलेली नोंद मात्र त्यांच्याबरोबर गेली.

आज तशाच प्रकारची जाण, ज्याला उंबरा नाहीं आणि गल्लाहि नाहीं, अशा दुकानांत आढळते. आपण काय पाहिलें, काय घेतलें, काय निवडून पुन्हा बाजूला ठेवलें, हें तें दुकान विसरत नाहीं; आणि तेथील एखादा नोकर नोकरी सोडून गेला तरीहि विसरत नाहीं. पूर्वीं दुकानदार जाणता असे. आतां दुकानच जाणतें झालें आहे. ही जाण माणसाच्या डोक्यांतून दुकानाच्या नियमांत आणि यंत्रांत कशी गेली, आणि जातांना वाटेंत काय मिळालें व काय सांडलें, हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नाहीं. बँक, प्रकाशनसंस्था, सरकारी कचेरी, महाविद्यालय, ज्या ज्या संस्थेनें आपला व्यवहार इंटरनेटवर नेला, त्या प्रत्येकीला तो विचारणें प्राप्त आहे.

या दृष्टीनें तीन इंग्रजी पुस्तकें एकत्र वाचण्यासारखीं आहेत. तिन्हीं पुस्तकांचा विषय एकच, अमेरिकेंतील ॲमेझॉन ही पेढी. जेम्स मार्कस यांचें ‘ॲमेझोनिया’ २००४ सालीं प्रसिद्ध झालें. ब्रॅड स्टोन यांचें ‘दि एव्हरीथिंग स्टोअर’ २०१३ सालीं. आणि कॉलिन ब्रायर व बिल कार या दोघांनीं मिळून लिहिलेलें ‘वर्किंग बॅकवर्ड्स’ २०२१ सालीं. मार्कस हे त्या पेढीचे आरंभींचे नोकर, स्टोन हे वृत्तपत्रकार, आणि ब्रायर व कार हे तेथील वरिष्ठ अधिकारी. एकाच वाड्याचें वर्णन एकदां माजघरांत राहिलेल्यानें, एकदां रस्त्यावरून पाहणाऱ्यानें आणि एकदां दिवाणखान्यांत बसणाऱ्यानें करावें, तसा हा प्रकार आहे. तिघांनाहि त्या वाड्याच्या ज्या खोल्या दिसल्या नाहींत, त्यांचाहि पत्ता तिन्हीं वर्णनें शेजारीं ठेवल्यावरच लागतो.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. व्यवहार ऑनलाइन करणें म्हणजे जुन्या घराला रस्त्याच्या बाजूनें आणखी एक खिडकी पाडणें, अशी पुष्कळांची समजूत असते. माल तोच, माणसें तींच, रीति तीच. फक्त गिऱ्हाईक खिडकींतून घेईल. ही समजूत किती महाग पडते, याचें उदाहरण ॲमेझॉनच्या शेजारींच आहे. बॉर्डर्स हें पुस्तकांचें दुकान १९७१ सालीं दोघां भावांनीं मिशिगन संस्थानांतील ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गांवीं काढलें. तेथें नोकरीस येणाऱ्या उमेदवाराची ग्रंथज्ञानाची परीक्षा घेतली जाई, अशी त्याची ख्याति होती; म्हणजे माझ्या अप्पा बळवंत चौकांतील गृहस्थांसारखीं माणसें शोधून नेमण्याची त्या दुकानाची पद्धतच होती. पुढें त्याच्या शाखा देशभर पसरल्या. आणि २००१ सालीं या दुकानानें आपली इंटरनेटवरील सारी विक्री ॲमेझॉनच्या स्वाधीन केली! ती खिडकी होती, आणि खिडकी दुसऱ्यास भाड्यानें देण्यास काय हरकत, असाच हिशेब त्यांत असला पाहिजे. २००८ सालीं त्यांनीं स्वतःची व्यवस्था पुन्हा उभी केली. २०११ सालीं दिवाळें निघालें आणि त्याच वर्षीं सर्व दुकानें बंद झालीं. या पतनाला कर्ज आणि भलतीकडे पसरलेला व्याप हींहि कारणें होतीं, हें खरें. परंतु त्या सात वर्षांत इंटरनेटवरील गिऱ्हाइकानें काय पाहिलें आणि काय सोडलें, हें शिकण्याची संधि दुसऱ्याच्या हातीं गेली, ती पुन्हा मिळाली नाहीं. विक्री भाड्यानें देतां येते. शिकणें भाड्यानें देतां येत नाहीं.

याच्या उलट ॲमेझॉनचें. जेफ बेझोस यांनीं न्यूयॉर्कमधील आपली नोकरी सोडून १९९४ सालीं सिॲटलनजीक पेढी स्थापिली आणि जुलै १९९५ मध्यें इंटरनेटवर पुस्तकांचें दुकान उघडलें. आरंभीं प्रत्येक विक्रीबरोबर कचेरींत एक घंटा वाजे. थोड्याच दिवसांत ती इतक्यांदा वाजूं लागली कीं बंद करावी लागली. पुस्तकें बांधण्याचें काम जमिनीवर गुडघे टेकून चाले. गुडघ्यांना गाद्या आणाव्या, असें मालकांना वाटलें. शेजारीं बसलेला सहकारी म्हणाला कीं टेबलें आणावीं. ही गोष्ट बेझोस यांनीं स्वतःच पुढें अनेकदां सांगितली आहे. ती विनोदी आहे, पण लहान नाहीं. जो हातानें काम करीत होता, त्याच्या ध्यानांत जें आलें तें त्या वेळीं मालकांपर्यंत एका वाक्यांत पोंचलें. पेढी मोठी झाल्यावर तें वाक्य पोंचण्याचा मार्ग कोणता राहिला, हाच माझ्या मतें या तिन्हीं पुस्तकांचा खरा विषय आहे, मग लेखकांना तो तसा वाटो वा न वाटो.

मार्कस यांचें पुस्तक मला तिघांत सर्वांत वाङ्मयीन वाटलें. ते मूळचे टीकाकार आणि इटालियन भाषेंतून भाषांतरें करणारे. १९९६ सालीं ते तेथें संपादक म्हणून लागले, तेव्हां नोकरांच्या यादींत त्यांचा क्रमांक पंचावन्नावा होता. नव्या पुस्तकांवर अभिप्राय लिहिणें आणि दुकानाच्या दर्शनी पानावर कोणतें पुस्तक मांडावें हें ठरविणें, हें त्यांचें काम. पुस्तकें विकणाऱ्या पेढीनें पुस्तकें वाचणाऱ्यांना पगार द्यावा, हें त्या वेळीं स्वाभाविक वाटलें होतें. रस्त्यावरच्या दुकानांतला जाणता विक्रेता इंटरनेटवर आणावयाचा तर दुसरा उपाय तरी कोणता होता? नाताळच्या गर्दींत संपादकांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांनीं गोदामांत जाऊन पुस्तकें बांधावीं, असाहि प्रघात होता. हाताचें काम आणि डोक्याचें काम यांत अद्याप भिंत उभी राहिली नव्हती. शेअरच्या भावाबरोबर लेखकाची कागदावरची श्रीमंती चढते आणि उतरते, त्याचें वर्णन त्यांनीं स्वतःवर हंसत हंसत केलें आहे. त्यांत कडवटपणा नाहीं, हा मोठा गुण.

परंतु हळूहळू दर्शनी पानावरची त्यांची जागा आकसत गेली. पुस्तकांची निवड संगणक करूं लागला. २००१ सालीं मार्कस बाहेर पडले. या स्थित्यंतराचें दुःख त्यांनीं हळुवारपणें सांगितलें आहे. पण तें कसें घडलें याचें वर्णन त्यांच्या हातून नीट झालेलें नाहीं. आपल्या टेबलाजवळ बसून जेवढें दिसलें, तेवढेंच त्यांनीं लिहिलें. यंत्राचा आवाज भिंतीपलीकडून ऐकूं येतो. यंत्र दिसत नाहीं.

तें यंत्र स्टोन यांच्या पुस्तकांत दिसतें. गिऱ्हाइकाच्या पूर्वींच्या खरेदीवरून त्याला नवी वस्तु सुचविण्याची जी युक्ति ॲमेझॉनमध्यें बसविली गेली, तिचें तत्त्व सोपें आहे. एका गिऱ्हाइकासारखे दुसरे गिऱ्हाईक कोण, हें शोधीत बसण्याऐवजीं, एका वस्तूबरोबर दुसरी कोणती वस्तु लोक वारंवार घेतात, याचें कोष्टक आधींच तयार करून ठेवावयाचें. मग गिऱ्हाईक आलें कीं त्याच्या वस्तूंवरून कोष्टकांत पाहिलें, उत्तर तयार. तेथीलच तिघां तंत्रज्ञांनीं २००३ सालीं एका निबंधांत ही रीति जगापुढें मांडली. स्टोन सांगतात कीं संपादकांची निवड आणि संगणकाची निवड यांची तुलना करून पाहिली गेली, आणि त्या चाचण्यांत संगणकाची बाजू वरचढ ठरली. तेथें वाद संपला. या प्रकरणीं स्टोन यांनीं जॉन हेन्रीच्या अमेरिकन लोककथेचा उल्लेख केला आहे. त्या कथेंत वाफेच्या यंत्राशीं स्पर्धा करून एक मजूर जिंकतो, आणि जिंकतांच मरतो. संपादकांच्या वांट्यास तर जिंकण्याचें समाधानहि आलें नाहीं.

येथें टीकेचा धंदा करणाऱ्यानें स्वतःच्या बाजूनें थोडें बोलावें. ‘अधिक विक्री कोणाची?’ या प्रश्नाचें उत्तर त्या चाचणीनें प्रामाणिकपणें दिलें. पण टीकाकाराचें काम त्या प्रश्नांत मावतें काय? कोष्टक तयार व्हावयाचें तर आधीं कोणी तरी तें पुस्तक विकत घेतलेलें असावें लागतें. जें काल प्रसिद्ध झालें, ज्याचा लेखक अज्ञात आहे, जें अद्याप कोणीं घेतलेलेंच नाहीं, त्याच्याविषयीं कोष्टक मुकें असतें. नेमकें तेंच पुस्तक उचलून ‘हें वाचा’ असें सांगणें हें जाणत्या दुकानदाराचें आणि टीकाकाराचें काम. यंत्र लोकांच्या आवडीच्या मागून चालतें. टीकाकार, तो बरा असेल तर, पुढें दोन पावलें जातो, आणि पुष्कळदां चुकतोहि. त्या चुकण्याचा खर्च कोणीं सोसावा, हा खरा प्रश्न होता. पेढीनें तो सोसावयाचा नाहीं असें ठरविलें. त्या निर्णयाला मी अन्याय म्हणणार नाहीं. पण चाचणीनें सत्य सिद्ध झालें, असेंहि म्हणणार नाहीं. मापाचें उत्तर मापाच्या प्रश्नापुरतेंच असतें.

स्टोन यांच्या पुस्तकांतील सर्वांत बोधप्रद भाग मात्र संपादकांचा नाहीं. तो पेढीच्या स्वतःच्याच खरेदी-विक्री खात्यांचा आहे. नोव्हेंबर २००० मध्यें ॲमेझॉननें बाहेरच्या व्यापाऱ्यांना आपल्याच पानावर, आपल्याच मालाशेजारीं, तोच माल मांडण्याची मुभा दिली. तत्पूर्वीं लिलाव आणि निराळ्या दुकानांची गल्ली असे दोन प्रयोग फसले होते. कारण त्या वाटेनें गिऱ्हाईक फिरकत नसे. आतां प्रतिस्पर्ध्याला थेट ओट्यावरच जागा मिळाली. जे अधिकारी प्रकाशकांशीं आणि कारखानदारांशीं बोलून माल आणीत, ते संतापले. त्यांनीं मेहनतीनें मांडलेल्या पानावरून दुसरा कोणी स्वस्तांत विकून जाऊं लागला. परंतु पेढी मागें हटली नाहीं. पान कोणा अधिकाऱ्याचें नसून गिऱ्हाइकाचें आहे, असें ठरलें. एका निर्णयानें खरेदीखात्याची प्रतिष्ठा, प्रकाशकांशीं असलेलें नातें, आणि ‘आपला माल’ या शब्दाचा अर्थ, हीं तिन्हीं बदललीं. आपल्या देशांत ही पेढी जून २०१३ मध्यें आली, तेव्हां परकीय भांडवलाविषयींच्या नियमांमुळें स्वतःचा माल थेट विकण्याची तिला मोकळीक नव्हती. म्हणून येथें ती आरंभापासूनच दुसऱ्यांच्या मालाची पेठ म्हणून उभी राहिली. म्हणजे तेथें जी घरांतली भांडणें होऊन गेलीं, त्यांचा निकाल आपल्याकडे तयारच येऊन पोंचला.

तसेंच २००४ सालचें. छापील पुस्तकांची विक्री पाहणाऱ्या अधिकाऱ्याला त्या कामांतून मोकळें करून विजेवर वाचावयाच्या पुस्तकांचें काम दिलें गेलें. आणि आपलाच जुना धंदा मोडावयाचा आहे अशा वृत्तीनें तें करावें, असें त्याला बजावलें गेलें, असें स्टोन लिहितात. नोव्हेंबर २००७ मध्यें किंडल बाजारांत आलें. एकाच माणसाकडे जुनें व नवें दोन्ही कामें ठेवलीं असतीं, तर जुनें जिंकलें असतें, कारण जुन्याचा नफा आज दिसतो आणि नव्याचा दिसत नाहीं. संस्थेंत बदल करावयाचा तर खुर्च्या बदलाव्या लागतात, नुसत्या सूचना काढून भागत नाहीं, हा धडा कोणत्याहि संस्थेच्या चालकांनीं घेण्यासारखा आहे.

स्टोन यांचें लेखन वेगवान आहे. माहिती विपुल आहे. पण कादंबरीकाराचा मोह त्यांना मधून मधून आवरत नाहीं. या दोषावर बोट ठेवलें तें एका अनपेक्षित व्यक्तीनें. पुस्तक निघाल्यावर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबर २०१३ मध्यें, बेझोस यांच्या त्या वेळच्या पत्नी मॅकेंझी यांनीं त्याच दुकानाच्या पानावर या पुस्तकाविरुद्ध अभिप्राय लिहिला आणि पांचांपैकीं एकच तारा दिला. पेढी काढण्याचा निश्चय करण्यापूर्वीं बेझोस यांनीं इशिगुरो यांची ‘दि रिमेन्स ऑफ दि डे’ ही कादंबरी वाचली होती, असें स्टोन लिहितात. ती त्यांनीं नंतर वाचली, असें मॅकेंझी यांचें म्हणणें. लेखकानें माणसांच्या मनांतले विचार प्रत्यक्ष पाहिल्यासारखे लिहिले, हा त्यांचा मुख्य आक्षेप रास्त आहे. मला त्या प्रसंगांत निराळीच गंमत वाटली. पगारी टीकाकारांना जेथें जागा उरली नव्हती, तेथें मालकांच्या घरच्या माणसाला आपलें म्हणणें मांडावयाचें झालें, तेव्हां त्यांनींहि टीकाच लिहिली; कोष्टक त्यांच्या कामाला आलें नाहीं.

आतां तिसरें पुस्तक. ब्रायर १९९८ सालीं आणि कार १९९९ सालीं ॲमेझॉनमध्यें आले. त्यांचें पुस्तक म्हणजे पेढीच्या कारभाराची स्मृति आहे, ‘स्मृति’ हा शब्द मी मनुस्मृतीच्या अर्थानें वापरतों: काय करावें, कोणीं करावें, कोणत्या क्रमानें करावें. भाषा कोरडी आहे, विनोद नाहीं, आणि ज्या पेढीनें लेखकांना मोठें केलें तिच्याविषयींची भक्ति पानोपानीं आहे. असें असूनहि तिन्हींत शिकण्यासारखें याच पुस्तकांत अधिक आहे, हें कबूल केलें पाहिजे.

त्यांतील एक प्रकरण साहित्याच्या वाचकाला तर चकित करील. जून २००४ मध्यें बेझोस यांनीं वरिष्ठांच्या सभेंतून पॉवरपॉइंटच्या चित्रपट्ट्या बंद केल्या आणि त्यांच्या जागीं सलग गद्यांत लिहिलेलें टिपण आणलें. हें टिपण फार तर सहा पानांचें असावयाचें. आणि सभेच्या आरंभीं सर्वांनीं तें तेथेंच, मुकाट्यानें, सुमारें वीस मिनिटें वाचावयाचें. कारण असें कीं तुटक मुद्द्यांच्या यादींत विचारांतील फटी लपतात; सलग वाक्यांत ‘म्हणून’ आणि ‘परंतु’ हे शब्द घालावे लागतात, आणि ते खोटे पडले तर वाचणाऱ्याला कळतें. शिवाय जो बोलण्यांत चतुर त्याचें फावत नाहीं. लाजाळू माणसाचा चांगला विचारहि सर्वांपुढें समान पोंचतो. निबंधलेखनाची ही थोरवी मी वर्गांत तीस वर्षें सांगत आलों. पण ती अब्जावधींचा व्यवहार करणाऱ्या पेढीच्या नियमांत शिरलेली पाहीन, असें मला वाटलें नव्हतें. ज्या पेढीनें गिऱ्हाइकांसाठीं लिहिणारे कमी केले, तिनेंच आपल्या अधिकाऱ्यांना लिहावयास बसविलें! यांत विसंगति नाहीं. सत्ता जेथें गेली, तेथें गद्यहि गेलें.

दुसरें प्रकरण मापांचें. दुकानांत वस्तूंची विविधता वाढावी म्हणून प्रथम नव्या वस्तूंचीं किती पानें घातलीं हें मोजलें जाई. झालें असें कीं पानें भराभर वाढलीं, पण तीं कोणी पाहीना. कारण संख्या वाढविण्यासाठीं नको त्या वस्तु मांडल्या गेल्या. मग किती पानें लोकांनीं पाहिलीं हें मोजलें. नंतर पाहिलेल्या पानांपैकीं किती वस्तु शिलकींत होत्या हें. आणि शेवटीं, किती वस्तु शिलकींत असून दोन दिवसांत रवाना करण्याजोग्या होत्या हें. एकच माप तीन वेळां दुरुस्त करावें लागलें. परीक्षांचे निकाल आणि हजेरीचे तक्ते यांवर संस्थांची योग्यता ठरविणाऱ्या आम्हां शिक्षकांना यांतील मर्म सांगावयास नको. माणसें ध्येयाकडे धांवत नाहींत, मापाकडे धांवतात; म्हणून माप चुकलें कीं प्रामाणिक माणसेंहि चुकीच्या दिशेनें प्रामाणिकपणें धांवतात.

परंतु या पुस्तकाचें मौनहि बोलकें आहे. माप ठरविणाऱ्यांची येथें गर्दी आहे. ज्यांचें माप घेतलें जातें ते जवळजवळ दिसतच नाहींत. २०११ सालीं पेनसिल्व्हेनियांतील ‘मॉर्निंग कॉल’ या वृत्तपत्रानें तेथील ॲमेझॉनच्या गोदामांतील उन्हाळ्याचें वर्णन छापलें: आंत असह्य उष्मा, कामाचा ठराविक वेग, आणि घेरी येणाऱ्या मजुरांसाठीं दाराशीं उभ्या ठेवलेल्या रुग्णवाहिका. बोभाटा झाल्यावर पेढीनें गोदामें थंड ठेवण्याची यंत्रें बसविलीं. रुग्णवाहिका उभी करणें हाहि एक नियमच होता, आणि तो नेमकेपणानें पाळला गेला. उष्मा मात्र कोणत्याहि मापांत बसत नव्हता. ज्या पेढींत गुडघ्यांऐवजीं टेबलाचें वाक्य एका क्षणांत मालकांपर्यंत पोंचलें होतें, तेथें सोळा वर्षांनीं ‘आंत फार उकडतें’ हें वाक्य वर्तमानपत्रामार्गें पोंचलें.

आणि तरीहि याच पुस्तकांत तिन्हींतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या खात्यांत बेझोस एकदां एका अनुभवी कर्मचारी बाईंशेजारीं बसले होते. तक्रार पडद्यावर येतांच, गिऱ्हाइकानें तोंड उघडण्यापूर्वीं, त्या बाईंनीं सांगितलें कीं हें टेबल परत येणार; त्याचा पृष्ठभाग ओरखडलेला निघाला असणार. तसेंच झालें. तीं टेबलें नीट बांधलीं जात नव्हतीं, हें त्यांना पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होतें; परंतु तें ज्ञान सांगण्याला जागाच नव्हती. यानंतर अशी सोय करण्यांत आली कीं एखाद्या वस्तूविषयीं वारंवार तीच तक्रार आली, तर तक्रार ऐकणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यानें कळ दाबून त्या वस्तूची विक्री थांबवावी. कोणा वरिष्ठाची परवानगी नको. ही कल्पना जपानांतील टोयोटा कारखान्याच्या दोरीवरून घेतलेली आहे. दोष दिसतांच तेथें कोणताहि कामगार दोरी ओढून काम थांबवूं शकतो.

या एका कळेनें सारा वाद निराळ्या पातळीवर येतो. नियम आणि यंत्र हे माणसाच्या जाणिवेचे शत्रु आहेत, असें मार्कस यांचें पुस्तक वाचून वाटतें. नियम आणि यंत्र हेच सर्व कांहीं, असें ब्रायर व कार यांचें वाचून वाटतें. दोन्ही मतें अपुरीं आहेत. संपादकांची जाण यंत्रानें बाजूस सारली. बाईंची जाण यंत्रानें वर पोंचविली. यंत्र तेंच, पेढी तीच. फरक एवढाच कीं एका ठिकाणीं जाण काढून घेण्याची योजना झाली, दुसऱ्या ठिकाणीं जाण असणाऱ्याला अधिकार देण्याची झाली. ऑनलाइन व्यवहार संस्थेला कोणतें वळण देतो, याचें उत्तर तंत्रांत नाहीं. ती कळ कोणाच्या हाताखालीं ठेवली, यांत आहे.

हें मला इतक्या जवळचें कां वाटावें, तें सांगून हा लेख संपवितों. मी ज्या महाविद्यालयांत होतों, तेथील प्रवेशाचें काम कांहीं वर्षांपूर्वीं ऑनलाइन झालें. पहाटेपासून लागणाऱ्या रांगा गेल्या. वशिल्याच्या चिठ्ठ्या गेल्या. आणि त्या चिठ्ठ्यांना बळी पडणाऱ्या गुणी मुलांवरचा अन्यायहि गेला. हा लाभ लहान नाहीं, आणि जुन्या दिवसांसाठीं गहिंवरणाऱ्यांनीं तो विसरूं नये. न लिहिलेल्या अधिकाराच्या आडोशानें जसा दयाळूपणा चाले, तसा पक्षपातहि चाले. पण त्याच कचेरींत एक वयस्क कारकून होते. आम्ही सारे त्यांना भाऊसाहेब म्हणत असूं. कोणत्या तालुक्यांतून दाखला वेळेवर निघत नाहीं, कोणत्या मुलाच्या घरीं फी भरण्यास बाजाराच्या दिवसापर्यंत थांबावें लागतें, हें त्यांना ठाऊक असे. आणि अशा मुलाचा अर्ज ते दोन दिवस टेबलावर राहूं देत. नव्या व्यवस्थेच्या पहिल्याच वर्षीं अशा एका मुलाचा अर्ज मुदत संपतांच आपोआप रद्द झाला. मीं विचारलें, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, “सर, पूर्वीं मी त्याला दोन दिवस देत असें. आतां द्यावयाला माझ्याकडे दिवसच उरले नाहींत.”

ती व्यवस्था बसविण्यापूर्वीं आमच्या सभा पुष्कळ झाल्या. मी त्या सभांना हजर होतों. अर्जांत किती रकाने असावेत, फी कोणत्या बँकेंत जावी, याची चर्चा आम्हीं केली. भाऊसाहेबांना ठाऊक असलेली गोष्ट कोणत्या वाटेनें आंत येईल, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. मींहि विचारला नाहीं. तो दोष यंत्राचा नव्हता. ॲमेझॉनच्या त्या बाईंना जी कळ मिळाली, तसली कळ आमच्या पडद्यावर बसविणें अवघड नव्हतें. दिलेली सवलत आणि तिचें कारण नोंदून ठेवण्याची अट घातली असती, तर वशिल्यालाहि वाव राहिला नसता. तें सुचलें नाहीं, कारण व्यवस्था बदलतांना जाणतीं माणसें कोण हें आम्हीं आधीं मोजलें नव्हतें. ज्या संस्थेला हा बदल अजून करावयाचा आहे, तिच्या चालकांनीं हीं तीन पुस्तकें जरूर वाचावींत. आणि वाचून झाल्यावर, यंत्राची किंमत विचारण्याआधीं, आपल्या कचेरींतील भाऊसाहेबांच्या टेबलाशीं तासभर जाऊन बसावें.